कानबाई फाट्यावर थांबली

ही हकीकत दोन हजार बावीस सालची. साथीची दोन वर्षं नुकतीच सरली होती, माणसं पुन्हा एकमेकांच्या ओट्यावर बसायला लागली होती, आणि नेमक्या त्याच संक्रांतीच्या आठवड्यात ब्राह्मणपुरीच्या शांतीलाल पाटलाच्या घरातून दुधाचं पातेलं धाडकन अंगणात येऊन पडलं!

फेकणारी होती तुळशीबाई. शांतीलालची बायको, त्या घराची थोरली सून, जिचा आवाज शेजारच्या घरातही कधी कुणी ऐकला नव्हता ती तुळशीबाई!

"विंग्रजी वाच, आनी घरनं दूध जाळ!" ती धाकट्या जावेवर, आशावर ओरडत होती. "मन्हा घरमा हाई चालाव नही. सकाय तुन्ही चूल येगळी मांड!"

"ताई, मन्ही चुकी व्हयनी... मी परत अशी नही करसू..." आशा पदराने पातेलं पुसत रडत होती.

तेवढ्यात आशाचा नवरा हेमकांत आत आला. शहाद्याला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लहानपणीच आई गेली तेव्हा या वहिनीनेच त्याला घास भरवले होते, त्याच्या तापात रात्री जागवल्या होत्या. तो चकित होऊन म्हणाला, "वहिनी, तू हाई काय बोली ऱ्हायनी?"

"जे बोलनी ते बोलनी. तू बी जाय तिना संगे!"

हेमकांतचा चेहरा पांढराफटक पडला. त्या क्षणापासून त्याने वहिनीशी बोलणं सोडलं. आणि तुळशीबाई... ती गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून मनसोक्त रडली! कारण आयुष्यातलं हे पहिलं भांडण तिने ठरवून, चार दिवस मनातल्या मनात घोकून केलं होतं.

त्याचं कारण घडलं होतं आदल्या वर्षी. आशा बाहेरून एम.ए.ची परीक्षा देत होती. विषय इंग्रजी साहित्य. चारशे चारशे वर्षांपूर्वीची नाटकं, लांबच लांब कविता, जाडजूड कादंबऱ्या. पण घर मोठं, मजूर जेवायला, पाहुण्यांचा राबता... आशा पहाटे भाकऱ्या थापायची, दुपारी मिरच्यांचे देठ खुडायची आणि उरल्या वेळात पुस्तक उघडायची, तर डोळे आपोआप मिटायचे. तुळशीबाई म्हणायची, "तू वाच, मी करस काम." पण ती पोर ऐकायची नाही. "तुम्ही राबशात आनी मी वाचसू? मले जमाव नही, ताई." त्यात शांतीलालची विधवा फुई, म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण तापीबाई, घरातलं सगळ्यात मोठं माणूस. तिच्या जिभेला धार! "थोरली राबस, आनी धाकलीले राजा-राणीन्या गोष्टी पाहिजेत!" असं ती ओट्यावर बसून साऱ्या आळीला ऐकवायची.

आशा नापास झाली. ती गोठ्यामागे एकटीच हुंदके देत असताना तुळशीबाईने पाहिलं होतं. त्या दबलेल्या हुंदक्यांनी तिच्या काळजाला घरं पडली. एकत्र घरात राहून ही पोर अभ्यास करणार नाही. प्रेमाने वेगळी राहा म्हटलं तर जाणार नाही... मग उरलं काय? भांडण! वाईटपणा आपण घ्यावा, दोषही आपण घ्यावा, पण त्या पोरीला वेळ मिळावा, एवढाच हिशेब त्या भोळ्या जिवाने मांडला. हेमकांत कायमचा तुटेल, हे मात्र त्या हिशेबात तिने धरलंच नव्हतं.

घराच्या मधोमध विटांची आडभिंत उभी राहिली. पलीकडे दोन माणसांचा स्वयंपाक, तो कितीसा? आशाच्या हाती पुस्तक आलं. शहाद्याच्या अन्वर बांगडीवाल्यांची मुलगी शिरीन तिच्याबरोबरच परीक्षा देत होती. ती बसने यायची आणि दोघी अभ्यासाला बसायच्या. आशाची रीत अशी, की वाचलेलं तिच्या डोक्यात राहायचं नाही, सांगितलेलं राहायचं. म्हणून ती प्रत्येक नाटक शिरीनला अहिराणीत रंगवून सांगायची. भिंतीअलीकडे तुळशीबाई भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायची, आणि एखाद्या राणीवर बालंट आलं की इकडे भाकरी करपायची!

एकदा मात्र कठीण झालं. एक कपटी सरदार राजाचे कान भरत होता, नेमकी तिथे शिरीनची बसची वेळ झाली आणि गोष्ट अर्धवट राहिली. तुळशीबाईला दिवसभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर जाऊन उभी राहिली आणि बसमधून उतरणाऱ्या शिरीनला तिने बाजूला ओढलं.

"ये पोरी, तो मेला सरदार सापडना का नही?"

शिरीन आधी घाबरली, मग खदखदून हसली. "काकू, तुम्ही भिंतीमागून ऐकता? आणि आशा समजते, तुम्हाला तिची पुस्तकं डोळ्यांसमोर नकोत!"

तुळशीबाई हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शिरीन हुशार मुलगी. दोन प्रश्नांतच तिने सगळं काढून घेतलं. "पन तिले सांगशी ना, त मन्ही आन शे तुले," तुळशीबाईने बजावलं. "तिले कळनं ना, ती पुस्तक टाकीसन मन्हा चुल्हापुढे यी बसी."

त्या दिवसापासून शिरीनच्या पिशवीतून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी आणि लसणाचा ठेचा भिंतीपलीकडे जाऊ लागला.

"आमच्या अम्मीने दिलंय," शिरीन सांगायची.

"शिरीन, तुझ्या अम्मीच्या हाताला अगदी आमच्या ताईंची चव आहे गं..." आशा एकदा म्हणाली, आणि हातातला घास तिने परत ताटात ठेवला. शिरीनने खिडकीबाहेर बघत डोळे पुसले.

अशातच श्रावण आला. साथीमुळे मागे पडलेल्या परीक्षा त्या वर्षी लांबत लांबत थेट श्रावणात आल्या होत्या. पहिले पेपर झाले. शेवटचा, नाटकांचा पेपर सोमवारी होता. ज्या पेपरात आशा आधी नापास झाली होती, तोच! आणि आदल्याच दिवशी, रविवारी, घरात कानबाई बसणार होती.

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची देवी, नारळाच्या रूपात चौरंगावर बसवायची, आणि तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीला, केवढा मान! कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू घ्यायचे, घरच्या सगळ्या सुनांनी मिळून ते जात्यावर दळायचे, आणि सोमवारी कानबाई नदीवर बोळवून आल्यावर साऱ्या भाऊबंदांनी एका ठिकाणी बसून ते रोट खायचे. चुली वेगळ्या झाल्या तरी चालतं. पण ज्याचे रोट वेगळे झाले, तो कुळातूनच वेगळा झाला.

शनिवारी जातं मांडलं, धुतलेले गहू सुपात आले. तुळशीबाईने आशाला दळणाला बोलावलं नाही! पोरीचा पेपर दोन दिवसांवर... तिचा एक तासही मोडायला नको, एवढंच त्या माउलीच्या मनात. पण भिंतीपलीकडे त्याचा अर्थ वेगळाच झाला.

हेमकांत तरातरा आत आला. त्याच्यामागे आशा, तिच्यामागे अभ्यासाला आलेली शिरीन. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो वहिनीशी बोलला, तेही असं...

"दळाले मन्ही बायको नको, म्हणजे आम्ही या कुळना नहीत ना? मंग सुपमातून मन्ही मूठ काढी टाक, वहिनी. मन्हा रोट आजथून येगळा!"

"हेमकांत!" तापीबाई किंचाळली. "जीभ आवर! रोट येगळा करस का रे?"

शांतीलाल दारात खिळून उभा राहिला. तुळशीबाई सुपाकडे बघू लागली. खरं सांगावं, तर आशा पुस्तक टाकून आत्ता जात्याला बसेल, इतक्या महिन्यांचं सोसणं पाण्यात जाईल! न सांगावं, तर हाताने वाढवलेलं हे लेकरू आज कायमचं उंबरठ्याबाहेर जाईल! तिने हात सुपात घातला... पण मूठ काही मिटेना. गव्हावर तिची आसवं टपटप पडू लागली.

"बस करा हो!" शिरीनला राहवलं नाही. "काकू, मला माफ करा, आता मी आन मोडते. आशा, माझ्या अम्मीला कळण्याची भाकरी येतच नाही गं! ती रोज या भिंतीअलीकडून येत होती. ते दूध, ते भांडण, सगळं नाटक होतं... तू पास व्हावीस म्हणून!"

आशाने तुळशीबाईकडे पाहिलं, आणि पुढच्याच क्षणी तिच्या पायांशी कोसळली. "ताई! मी तुमले काय काय समजनी... मन्हासाठे एवढं सोसं?"

हेमकांत लहान पोरासारखा वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागला. तुळशीबाई त्याचे केस कुरवाळत राहिली. पण आशाने डोळे पुसून जात्याचा खुंटा धरलेला दिसला मात्र, तशी ती ताडकन उठली. "देखा? मले हाईच भ्याव व्हतं! उठ! सोमवारले तुन्हा नाटकना पेपर शे!"

"मी उठाव नही!"

"उठ म्हणस ना!"

"आते खरं भांडण करतस का दोन्ही?" तापीबाई मध्ये पडली. "आशा, दोन फेरा फिराव, म्हणजे तुन्हा हात लागना. मंग आठे बठ आनी तोंडवर सांग, काय काय वाचं ते. आम्ही दळतस. तुन्हा अभ्यास बी व्हई."

त्या दुपारी ब्राह्मणपुरीत जे झालं ते कुठे झालं नसेल! जात्याच्या घरघरीत आशा एकामागून एक नाटकं सांगत होती, शिरीन मध्येच प्रश्न विचारून तिला अडवत होती, आणि जी तापीबाई वर्षभर राजा-राणीच्या गोष्टींना नावं ठेवत होती, ती दळण विसरून पुढे सरकत होती. "मंग? मंग काय व्हयनं? त्या राजाले कोनी सांगं नही का, बाबा, तू येडा शे म्हणून?"

दळण संपलं तेव्हा शांतीलालने हळूच विचारलं, "पन सोमवारी सकायी कानबाई बोळवाले आशा कशी राही?"

म्हातारीने क्षणभरही विचार केला नाही. "कानबाई बी बाईच शे. थांबी ती!"

आणि कानबाई थांबली! सोमवारी साऱ्या गावच्या कानबाया सकाळीच नदीवर गेल्या. शांतीलाल पाटलाची मात्र चौरंगावर बसून राहिली. लोक हसले. तापीबाईने त्यांनाही सुनावलं, "तुम्हना घरनी कोनी एम.ए. करी ऱ्हायनी का? मंग चूप ऱ्हावा!" दुपार झाली तसा तिला धीर निघेना. तिने ढोलवाल्यांना हुकूम सोडला, आणि मिरवणूक नदीकडे न जाता थेट फाट्यावर गेली!

शहाद्याची बस आली. आशा उतरली, तर समोर ढोल, गुलाल, आणि तुळशीबाईच्या डोक्यावर कानबाई! बसमधल्या बायांनी खिडकीतूनच हात जोडले, कंडक्टर घंटी मारायचं विसरला.

"कसा गया पेपर?" तुळशीबाईने ढोलाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"बठ्ठं लिखं, ताई! एक बी प्रश्न सोडा नही!"

तुळशीबाईने डोक्यावरचा चौरंग उतरवून आशाच्या डोक्यावर ठेवला, शाईने डागाळलेली तिची बोटं स्वतःच्या हातांनी त्याच्या कडेला नीट लावली, आणि मग अख्खी मिरवणूक नाचत नदीवर गेली. संध्याकाळी रोटाच्या पंगतीला हेमकांत पुन्हा वहिनीजवळ बसला. त्याने पहिला घास तिला भरवला. तिला चावता येईना, कारण ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

आशा पास झाली. शिरीनला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले, आणि ते ती आजही भेटेल त्याला सांगते. ती तळोद्याला शिकवते, आणि तिच्या अम्मीने कळण्याची भाकरी शिकून घेतली आहे. हेमकांतच्या दुकानात आता दोन कारागीर आहेत. शांतीलालने कापूस सोडून पपई लावली आणि गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत का होईना, रोज मळ्यात जातो. तापीबाई मागच्या हिवाळ्यात गेली, झोपेतच, कुणाला त्रास न देता.

आशा अक्कलकुव्याला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. डोंगरातल्या पाड्यांवरून उतरून आलेली मुलं तिच्या वर्गात बसतात, आणि ती त्यांना आधी गोष्ट सांगते, मग पुस्तक उघडते. तिला एक मुलगी आहे. तिला सांभाळायला तुळशीबाई अर्धा आठवडा तिकडेच असते. तिथल्या शेजारणी तिला आशाची आईच समजतात, "तुमची लेक फार छान शिकवते हो," असं म्हणतात. आजवर दोघींपैकी एकीनेही त्यांना दुरुस्त केलेलं नाही.