‘शे’खालची लाल रेघ

जळगावहून धुळ्याला निघालेल्या एस.टी.त माझ्या शेजारच्या पोराला कंडक्टरने पारोळ्याचं तिकीट दिलं आणि तो म्हणाला, “भाऊ, धुळं सांगितलं होतं. बठ्ठं चुकीचं शे.”

माझ्या हातातली पेरूची फोड हातातच राहिली. ‘सगळं चुकीचं आहे’ सांगणारं हे खानदेशी वाक्य मी गेले तीन महिने रोज वाचत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

सांगते. मी दीपमाला, असोद्याची. नोकरी जळगावात, आणि उरल्या वेळात ‘नीट लिही’ नावाची उठाठेव. मोबाईलवर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारं, जमलं तर शब्द सुधारणारं सॉफ्टवेअर. फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीही यावं, बदल सुचवावा, मी तपासून घ्यावा. आम्ही सात-आठ जण हौसेने राबत होतो. त्यात हा ‘गिरणाकाठ’ नावाने लिहिणारा उपटला. काय चुकलं ते कधी सांगायचा नाही. नुसतं, “बठ्ठं चुकीचं शे. असोद्याच्या बाईंनी भाषा सोडावी, केळी लावावी.” धुळ्याची सदफ आमच्यातली सगळ्यात गुणी. तिच्या कामाखालीही तेच लिहिलं, आणि ती सोडून गेली. आज धुळ्यात आमची बैठक होती, आणि ‘नीट लिही’ बंद करते असं मी तिथे सांगणार होते. चार वर्षांचं काम होतं ते. सकाळी वेणी घालताना रडले, खोटं कशाला बोलू.

आता खानदेशात ‘बठ्ठं’ म्हणणारे काय कमी आहेत? पण त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर ‘नीट लिही’चं पान, वर नाव ‘गिरणाकाठ’. दिसायला बरा होता मेला, हसला की गालाला खळी पडायची. त्याचाच राग जास्त आला.

“कुणावर एवढे चिडलात?” मी अगदी साळसूदपणे विचारलं.

“एक मॅडम आहेत. कुणाचं ऐकत नाहीत.”

“भेटलात कधी?”

“देव न करो,” तो म्हणाला आणि हसला... आणि मी पेरूची फोड पुढे केली. का केली, ते अजून कळलेलं नाही.

पेरूने माणूस मोकळा झाला. नाव हितेंद्र, घर भडगावला, नोकरी धुळ्यात. एरंडोल मागे पडेपर्यंत त्याने सगळं सांगितलं. त्याची आई सुगंधाबाई पन्नाशीनंतर मोबाईलवर लिहायला शिकली. पोराला रोज निरोप लिहायची, बोलते तसाच. मग मोबाईलवर ‘नीट लिही’ आलं. तिने ‘शे’ लिहिलं की खाली लाल रेघ, आणि क्षणात त्याचं ‘आहे’ व्हायचं. “मनं बठ्ठंच चुकस रे,” माझं सगळंच चुकतं, म्हणाली आणि तिने लिहिणंच सोडलं. आता फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवते.

मी खिडकीबाहेर बघत बसले. ‘शे’चं ‘आहे’ करणारा नियम माझाच होता. पोरांना नोकरीचे अर्ज लिहिताना अडू नये म्हणून मोठ्या कौतुकाने घातलेला. आमच्या असोद्याकडची बोली निराळी, घरात ‘शे’ कुणी म्हणत नाही. मला ती चूकच वाटली होती.

मग मी मोबाईल काढला आणि त्याच्या ताज्या शेऱ्याखाली उत्तर लिहिलं. ते त्याच्या पडद्यावर उमटलं: “आईचं आधी सांगायचं ना. नुसतं ओरडून मला कसं कळणार? चूक माझी आहे. आणि पेरू गोड होता का?”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूहळू मान वळवली.

“तुम्ही...”

“असोद्याची बाई.”

कानापर्यंत लाल झाला. “मी पारोळ्यालाच उतरतो,” म्हणाला. “तिकीटही तेच आहे.”

“बसा गपचूप. सदफ तुमच्यामुळे गेली. तिची माफी मागा, आणि जिथे लिहिलंत तिथेच मागा.”

त्याने लॅपटॉप जवळ ओढला. “आईचं सांगायची लाज वाटली,” म्हणाला, “म्हणून नुसताच भांडत राहिलो.” मग स्वतःच्या खऱ्या नावाने त्याने माफी लिहिली. मला त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही. मी तो नियम काढला आणि खानदेशी शब्दांची वेगळी यादी उघडली. अट एकच, प्रत्येक शब्दासोबत वापराचं एक वाक्य हवं. पारोळ्याला त्याने पुढचं तिकीट काढलं, आणि तिथून धुळ्यापर्यंत तो शब्द सांगत गेला, मी लिहीत गेले. खड्डा आला की खांद्याला खांदा लागायचा... आणि सरकून कुणीच बसलं नाही.

बैठकीत मी बंद करायचं काही बोललेच नाही. पंधरा दिवसांनी सदफ परत आली आणि तिने हितेंद्रची यादी तीनदा परत पाठवून उट्टं काढलं. मलाही धुळ्यात फार कामं निघू लागली. एका रविवारी चहा घेताना त्याने आईचा भरीत केल्याचा निरोप दाखवला: “जेवना का? भरीत करेल शे.” एकही लाल रेघ नव्हती. त्याचे डोळे भरले, आणि मी टेबलावरचा त्याचा हात धरला.

काल दुपारी ऑफिसात त्याची नवी यादी आली. त्यात एकच शब्द होता, ‘आवडस’. वापराचं वाक्य: “माले तू आवडस.” आमचं पान सगळ्यांना उघडं, तेव्हा सगळ्यांनी वाचलेलं होतं. खाली सदफने लिहून ठेवलं होतं, “शब्द मी तपासला, बरोबर आहे. वाक्याचं दीपमालादीदी बघेल.”

मी पाण्याचा अख्खा ग्लास संपवला. मग ‘स्वीकारा’ दाबलं आणि सगळ्यांच्या देखत खाली लिहिलं, “बठ्ठं बरोबर शे.”