भर दुपारचा खोकला

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे. आणि रात्रीची नाही...

भर दुपारची.

मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, किल्ल्या बनवायचं दुकान होतं. शेजारी घड्याळ दुरुस्तीचं. दोघांची घट्ट मैत्री. एका सकाळी घड्याळवाले आपल्याच दुकानात मरून पडलेले सापडले. डोक्यात घाव. बाहेरून कुलूप नीट लावलेलं, त्यावर साधा ओरखडाही नाही.

कुलूप न तोडता उघडणार कोण? किल्लीवालाच.

एवढ्यावर काकांना जन्मठेप झाली.

मावशी वकिलांचे उंबरे झिजवत राहिली. दुकान तिने स्वतः चालवून पाहिलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. खुन्याच्या घरून किल्ली कोण बनवून घेणार? मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि तिथे वडील वारले म्हणून सांगायला लागली.

घरात मावशी एकटी उरली.

मग एका दुपारी ती भांडी घासत असताना...

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं.

दोनदा कोरडं, मग घसा साफ केल्यासारखं. काकांच्या दुकानात शिरताना घड्याळवाले असेच खोकायचे.

मावशीने नळ बंद केला. शांतता. रस्त्यावरचा आवाजसुद्धा बंद झालेला...

ती बाहेर आली.

खुर्चीत घड्याळवाले बसले होते. कपाळावर सरकवलेलं भिंग तसंच. मान खाली.

मावशीची बोबडी वळली. पण ते दुसऱ्या दिवशीही आले. त्यानंतरही येतच राहिले. हळूहळू तिची भीती मेली, उरला तो संताप.

"इथे काय करताय?" ती एक दिवस म्हणाली. "मारणारा कोण, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पोलिसांकडे जा. जजसाहेबांच्या घरी जाऊन बसा. माझ्या घरात बसून काय उपयोग?"

घड्याळवाले मान वर करीनात.

तिने हात जोडले. "भावजी, नाव नाही तर नुसती खूण करा."

काही नाही.

एकदा वकीलसाहेब घरी आले आणि नेमके त्याच खुर्चीत टेकले. घड्याळवाले तिथे आधीपासून होते... वकील चटका बसल्यासारखे उठले आणि दुसरीकडे जाऊन दंड चोळत बसले.

"फार गार लागतं हो तिथे," ते म्हणाले. "हे बघा बाई, अपील करू. पण नवा साक्षीदार हवा. आहे का कुणी?"

मावशीने खुर्चीकडे पाहिलं. काय सांगणार, कपाळ?

वर्षं गेली. मग घड्याळवाल्यांचा पुतण्या भलत्याच चोरीत पकडला गेला आणि चुलत्याचा खूनही ओकला. दुकानाची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

काका निर्दोष सुटले. केस पांढरे, निम्मे दात पडलेले. मुलगी फोनवर खूप रडली, पण आली नाही. जिथे बाप मेला म्हणून सांगितलं, तिथे आता काय सांगणार?

मावशीला वाटलं, चला, निदान तो खोकला तरी थांबेल.

काका घरी आले त्याच दुपारी...

बाहेर कुणीतरी खोकलं.

मावशीने दचकून काकांकडे पाहिलं. काका मात्र दचकले नाहीत.

"तुलाही दिसतो?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, तुम्हाला..."

"तिथे रोज यायचा. कोठडीत समोर बसायचा."

"कधी बोलले?"

"नाही. विनवण्या केल्या, शिव्या घातल्या. मान वर केली नाही त्याने. मग मलाच वाटायला लागलं..."

"काय?"



"की मीच मारलं असेल. नाहीतर माझ्याकडे कशाला येईल?"

पुतण्याने सगळं कबूल केलंय. कोर्टाचा निकाल आहे. मावशी हे स्वतःला रोज बजावते. तरी घड्याळवाले अजून येतात. का, ते ती आता विचारत नाही.

मला हे सांगताना ती फार हळू बोलत होती. मला वाटलं, घड्याळवाल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

पण तिची नजर खुर्चीकडे नव्हती...

आतल्या खोलीकडे होती. तिथे काका झोपले होते.