आयपीसमधला काटा

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं. पण हे ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. आणि रात्रही नव्हती. शनिवारची लख्ख दुपार, साडेतीनची वेळ. कॉलेजची जीवशास्त्राची प्रयोगशाळा, खिडकीजवळचं तिसरं टेबल.

मी बारावीला दुसऱ्यांदा बसले होते. बाकीचे विषय सुटले, जीवशास्त्र तेवढं पायात अडकलेलं.

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा. जर्नलवर मॅडमची सही नसेल तर बसूच देत नाहीत. आणि माझी सही एका पानावर अडली होती. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन. चार अवस्था, चार चित्रं.

तीनदा काढलं. तिन्ही वेळा लाल रेघ.

"पुस्तकातून उतरवलंस."

"नाही मॅडम, बघून..."

"खरी पेशी इतकी गोल गरगरीत नसते गं. जे दिसतं तेच काढ. पाचला मी निघणार."

त्यांचं बरोबर होतं. मी पुस्तकातूनच उतरवत होते. कारण मायक्रोस्कोपमध्ये मला काही म्हणजे काही दिसायचं नाही! नुसता गुलाबी चिखल.

मूळ कापा, आम्लात गरम करा, रंग घाला, काच ठेवून अंगठ्याने दाबा. पहिली स्लाइड जळली. दुसरीची काच तडकली. तिसरीत बुडबुडेच बुडबुडे.

लॅबवाले काका बाटल्या पुसत हसले. "अगं, कांद्यावर कसला सूड उगवतेयस?"

डोळे भरून आले. कांद्याने नव्हे.

काका बाटल्या घेऊन बाहेर गेले. मी चौथी स्लाइड लावली. पुन्हा तेच... शेकडो पेशी... सगळ्या सारख्या, गाढ झोपलेल्या.

"कुठे आहे ते?" मी दातओठ खात म्हटलं. "दाखवा ना कुणीतरी!"

मैदानावर मघापासून चेंडूचा आवाज येत होता.

तो थांबला.

डोक्यावरच्या पंख्याचाही...

आणि कडेने एक काळी रेघ आत आली.

बारीक. टोकाशी किंचित वाकडी.

मी घाबरले नाही. काही मायक्रोस्कोपांच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, असा काटा असतो. आयपीस फिरवून शिक्षक मुलांना नेमकी पेशी दाखवतात. असेल यालाही, मला वाटलं.

पण आयपीसला माझा हात लागलाच नव्हता...

रेघ सरकली. एका पेशीवर थांबली. आत धाग्यांचा गुंता. पहिली अवस्था! मी भराभर काढली. पुन्हा डोळा लावला.

ती तिथेच होती. माझी वाट बघत.

मग दुसरी पेशी. गुणसूत्रं मधोमध ओळीने, मुलींनी हात धरून उभं राहावं तशी. मग तिसरी. एका उंबऱ्यातून दोन वाटांना लागलेल्या बहिणी जणू. मग चौथी. एका घराची दोन घरं.

वर्षभरात मला इतक्या मायेनं कुणी काही दाखवलं नव्हतं.

चारही झाल्या. रेघ पुन्हा हलली...

पेशींच्या बाहेर गेली. पार कोपऱ्यात. तिथे काहीच नव्हतं, नुसता पांढरा उजेड. तरी ती तिथेच टोचत राहिली. इथे. इथे. इथे.

मी डोळा काढून घेतला.

पावणेपाचला मॅडम आल्या. पान बघितलं. लाल पेन उघडलं नाही.

"ही रेघ कसली?"

जे दिसतं तेच काढायच्या नादात मी काटाही काढला होता. चारही चित्रांत.

"काटा आहे मॅडम, आयपीसमधला."

"या मायक्रोस्कोपला काटा नाही."

"आहे! आत्ता होता!" माझा आवाज चढला. "आता पुन्हा नाही म्हणू नका. हात जोडते!"

त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट रेघेच्या वाकड्या टोकावर फिरत होतं.

काका परत आले, मॅडमच्या खांद्यावरून त्यांनी पान बघितलं. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मोठ्या मॅडमचा काटा," ते हळूच म्हणाले. "आयपीसमध्ये स्वतःचा केस चिकटवायच्या त्या. पण तो तर... त्या वारल्या तेव्हाच काढला मी. बघवत नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत."

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मॅडमच्या मॅडम. त्यांना याच टेबलाशी शिकवणाऱ्या.

मॅडम वाकल्या. डोळा लावला.

पाच वाजले. सव्वापाच. त्या हलल्या नाहीत.

मग आवाज आला. त्यांचाच, पण बारीक, पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा...

"हो मॅडम. दिसलं."

त्यांनी सही केली.

"तुम्ही दोघं निघा," त्या म्हणाल्या. "मला अजून थोडं बघायचंय."

मी पास झाले. सोमवारी मॅडम नेहमीसारख्या सगळ्यांवर खेकसल्या. फक्त तिसऱ्या टेबलापाशी आल्या की पावलं हळू टाकत होत्या, जणू तिथे कुणी काम करत बसलंय.

त्या कोपऱ्यात काय होतं, विचारायचा धीर आजवर झाला नाही. आणि खरं सांगू? भीतीपेक्षा मला स्वतःचा रागच येतो.

मोठ्या मॅडमनी आधी मलाच दाखवलं होतं.