तीन किलोंची सवलत

मंगळवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला, तेव्हा भागोजी मयेकरांना वाटलं, धाकूशेठचाच असणार. दुसरं कोणी त्यांना फोन करत नव्हतं. नऊ दिवसांचा अबोला होता. तो समोरूनच मोडला जातोय म्हणून त्यांनी घाईघाईने फोन उचलला.

"मयेकर काका, मी नम्रता शिवलकर. पोलीस ठाण्यातून बोलतेय."

भागोजी ग्रंथपाल होते तेव्हा वाचनालयात रोज पुस्तक बदलायला येणारी मुलगी. आता उपनिरीक्षक होती.

"धाकू सुर्वे तुमचे मित्र ना? जरा भाट्याला येता का? त्यांच्या विहिरीत सापडलेत."

भागोजींनी चपला घातल्या, काढल्या आणि पुन्हा घातल्या. रिक्षा भाट्याच्या पुलावरून जाताना खाडीला ओहोटी लागली होती. आपण परवा रविवारी आलो असतो तर, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं.

धाकू सुर्वे चौतीस वर्षं मुंबईच्या रेसकोर्सवर कारकून होते. घोड्यांना गुण लावणाऱ्या कचेरीत. प्रत्येक घोड्याला एक आकडा. आकडा जितका मोठा, तितकं त्याच्या पाठीवर वजन जास्त, म्हणजे चांगला आणि सामान्य घोडा एका रेषेत येतात. अर्धा किलो म्हणजे एक गुण. निवृत्त होऊन ते भाट्याच्या बागेत राहायला आले, पण आकडे सुटले नाहीत. दर रविवारी मोबाइलवर शर्यती ऐकायच्या आणि संध्याकाळी वहीत आपल्या हिशेबाने घोड्यांचे गुण मांडायचे.

एवढं करून त्यांनी एक रुपया कधी लावला नाही. पैज लागायची ती भागोजींशी आणि ती चहाची. जिंकणारा घोडा ओळखला की दहा गुण, हरेल त्याने चहा करायचा. भागोजी नाव आवडलं म्हणून घोडा निवडत. म्हणून धाकूशेठ त्यांना सहा गुण आगाऊ देत.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी दोघांचे गुण सारखेच झाले आणि त्या सहा गुणांवर भागोजी जिंकले. धाकूशेठ आधण ठेवता ठेवता म्हणाले, "ग्रंथपाल, सवलतीवर जिंकलात हो." साधी थट्टा होती. पण भागोजींना ती लागली. पुढच्या रविवारी त्यांनी सर्दीचं निमित्त केलं. तेही स्वतःशीच, कारण विचारायला कोणी आलंच नाही.

पडवीत कमळा बसली होती. स्वयंपाकाला येणारी बाई. डोळे सुजलेले.

"तू शेवटचं कधी पाहिलंस त्यांना?" नम्रताने विचारलं.

"शनवारी दुपारी. मग मी संगमेश्वरला भयणीकडे गेले. आज सकाळी आले."

"काही वेगळं वाटलं शनिवारी?"

"वेगळं काय? सुरमईच्या चार तुकड्या तळून ठेव म्हणाले, दोघांचं कर. मना वाटलं हेच येणार जेवायला." तिने भागोजींकडे हनुवटी केली.

भागोजींना कोणी जेवायला बोलावलं नव्हतं. 

"आज आलीस तेव्हा?"

"दार नुसतं लोटलेलं. आत गेले. बाज मोकळी. टेबलावर चष्मा नि पेन, दुसरं काय नाय. म्हटलं शिंपण्याला गेले असतील, म्हणून विहिरीवर गेले..."

पुतण्या निलेश चिपळूणहून दहा वाजता पोहोचला. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली.

"काकांना शेवटचं कधी भेटलात?"

"दिवाळीत. रविवारी मी दिवसभर साखरपुड्यात होतो, चिपळुणात. दोनशे माणसं होती. नाहीतर एखादे वेळी आलो असतो." त्याने सुस्कारा सोडला. "काकांचं आधार कार्ड आत असेल, बघतो."

पाच मिनिटांनी तो परत आला. हातात कार्ड आणि एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही होती.

"ही टेबलावर होती. रविवारपर्यंत लिहीत होते बिचारे."

नम्रताने वही चाळली. शेवटच्या भरलेल्या पानावर रविवारची तारीख, सगळ्या शर्यतींचे निकाल, पुढे घोड्यांचे नवे गुण. तिने भागोजींना बाजूला घेतलं.

"डॉक्टर म्हणतात, पाण्यात दोन-तीन दिवस. शनिवार की रविवार, सांगता येत नाही. पण वही सांगतेय, रविवारी संध्याकाळपर्यंत होते." तिने वही मिटली. "काका, वाईट वाटून घेऊ नका. दर रविवारी तुम्ही यायचात. या रविवारी आला नाहीत. माणूस एकटा असला की..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. भागोजींनी ते केलं, मनातल्या मनात, अनेकदा.

"वही जरा बघू?" ते एवढंच म्हणाले.

"बघा, पण माझ्यासमोर."

मागच्या पानांवर तेच बारीक, उभे आकडे. अधूनमधून एखाद्या वजनाभोवती पेन्सिलचं छोटं वर्तुळ. ते कशाचं, हे भागोजींना ठाऊक होतं. शर्यतीला शिकाऊ जॉकी असला की त्याला तीन किलोंची सवलत मिळते. ती छापील वजनात दिसत नाही. धाकूशेठ प्रत्येक वेळी वर्तुळ करत, तीन किलो वजा करत आणि बोट नाचवत म्हणत, "छापलेलं वजन कागदावर, खरं वजन पाठीवर."

रविवारच्या पानावर एकही वर्तुळ नव्हतं.

नसेल एखादे वेळी. दिवसभरात एकही शिकाऊ जॉकी नसेल. आपल्याला काय कळतंय? आयुष्यभर रहस्यकथांच्या पाठीवर शिक्के मारले म्हणून कोणी पोलीस होत नाही. तरी त्यांनी चौथ्या शर्यतीचे आकडे चिठ्ठीवर उतरवून घेतले.

दुपारी ते वाचनालयात गेले. सोमवारच्या इंग्रजी पेपरची फाइल काढली. खेळांच्या पानावर, खाली कोपऱ्यात, शर्यतींचे निकाल होते. बोट ठेवून त्यांनी ते दोनदा वाचले. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले.

संध्याकाळी पाच वाजता ते पोलीस ठाण्याच्या बाकावर जाऊन बसले. निलेश जबाबावर सही करायला आलाच होता.

"नम्रता, मी चुकत असेन," भागोजी म्हणाले. "चुकत असलो तर सांग, मी घरी जातो."

"बोला, काका."

"हे पान धाकूशेठनी लिहिलेलं नाही."

निलेश हसला. "मयेकर काका, कादंबऱ्या फार वाचल्यात तुम्ही. अक्षर बघा की."

"अक्षर कुठं आहे त्यात? आकडे आहेत. आकडे गिरवता येतात." भागोजींनी चिठ्ठी उलगडली. "चौथी शर्यत. नॉर्थ गेट पहिला, सिल्व्हर लॅम्प दुसरा. अंतर नाकभर, म्हणजे नसल्यासारखंच. दोघांचं छापील वजन छप्पन्न किलो. सारखं वजन, सारखी धाव, म्हणून वहीत दोघांना साठ-साठ गुण. बरोबर?"

"मग बरोबरच आहे की," निलेश म्हणाला.

"नॉर्थ गेटवर शिकाऊ जॉकी होता. पेपरात आहे. त्याच्या पाठीवर त्रेपन्नच किलो होते. तीन किलो कमी, म्हणजे सहा गुण कमी. धाकूशेठनी त्याला चोपन्न दिले असते आणि छप्पन्नभोवती वर्तुळ काढलं असतं. चौतीस वर्षांत ते हे कधी विसरले नाहीत. माझी सहा गुणांची सवलतसुद्धा नाही."

"हे सवलतीचं काका मला कधी बोललेच नाहीत," निलेश म्हणाला.



नम्रता हळूच म्हणाली, "म्हणजे बाकीचं बोलले होते? अर्धा किलो, एक गुण?"



"पान दुसऱ्याने लिहिलं," भागोजी पुढे म्हणाले, आता जमिनीकडे बघत, "तर रविवारी ते जिवंत होते याला पुरावा उरत नाही. उलट कोणाला तरी तसं दाखवायचं होतं. कोणाला? ज्याच्याजवळ रविवारची दोनशे माणसं आहेत, त्याला. तुझ्या काकांचा मृत्यू कधी झाला हे कोणी बोलायच्या आत तू रविवारचा हिशेब दिलास, निलेश. शनिवारचा दिला नाहीस."

"वही टेबलावर होती."

"सकाळी नव्हती. कमळाने सांगितलं, चष्मा नि पेन, दुसरं काय नाय. तू आत गेलास, मग वही आली. शनिवारी नेलीस, रविवारचे निकाल बघून भरलीस, आज शर्टाखालून परत आणलीस. आणि शनिवारची सुरमई दोघांची होती. मी तर नव्हतो."

नम्रताने समोरचा कागद फिरवला. मोबाइल कंपनीचा, त्यांच्या नि घरच्यांच्या फोनचा, तासाभरापूर्वी आलेला. "त्यांचा फोन त्यांच्याबरोबर पाण्यात पडला होता. शनिवारी संध्याकाळी सात वीसला बंद झाला. तुमचा तेव्हा भाट्याच्याच टॉवरवर होता."

निलेशने हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

"बाग विकायची होती," तो शेवटी म्हणाला. "हॉटेलवाला तयार होता. जेवू घातलं मला, काटे काढून दिले, आणि सही करणार नाही म्हणाले. विहिरीच्या कठड्याजवळ उभे होते. मी... जोरात ढकललं नव्हतं."

"ओरडले असतील," नम्रता म्हणाली.



निलेशला आत नेल्यावर तिने भागोजींसमोर पाणी ठेवलं. "काका, तुम्ही रविवारी गेला नाहीत म्हणून काही झालेलं नाही. कळलं ना?"

"कळलं," भागोजी म्हणाले. रविवारी गेलो असतो, तर निदान दोन दिवस ते पाण्यात राहिले नसते.

"आणखी एक. वहीच्या अगदी शेवटच्या पानावर हे आहे. तुम्ही बघायला हवं."

त्या पानावर घोडे नव्हते. दोनच नावं होती. धाकू: ८०. भागोजी: ७४. चौऱ्याहत्तरवर शुक्रवारची तारीख घालून काट मारली होती आणि शेजारी नवा आकडा होता. ८०. त्याखाली त्याच बारीक अक्षरात: 'सवलत बंद. आता बरोबरीचे. रविवारी सांगणे.'

पुढच्या रविवारी दुपारी भागोजींनी नवी वही उघडली. शिकाऊ जॉकींच्या वजनांभोवती वर्तुळं काढली आणि तीन-तीन किलो वजा केले. आकडे मांडून आयुष्यात पहिल्यांदाच घोडा निवडला. मोबाइलवर शर्यत ऐकली. घोडा पहिला आला.

हरेल त्याने चहा करायचा, असा नियम होता. समोरची खुर्ची मोकळी होती. भागोजी उठले आणि त्यांनी आधण ठेवलं.