नदीचा सीन

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर राहू द्या, पण हसू नका.

यंदाचीच. गणपतीला महिना उरला होता. पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यात मृणाली आखणीला बसली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते सगळ्यात शेवटी; डोळे काढले की मूर्ती बघू लागते.

भरदुपारी तिचा चुलतभाऊ निकेश आला. खाली मान घालून मोबाइल पुढे केला.

"ताय, ही आपली भूमिका वाटते गो."

मृणालीचा ब्रश जागच्या जागी थांबला...

भूमिका तिची धाकटी बहीण. रोह्याजवळ नदीत बुडून गेली, त्याला काही वर्षं झाली. तिथल्याच वरसे गावी मावशीकडे गेली होती, कपडे धुताना पाय घसरला, एवढंच घरी माहीत. खरं काय ते एकट्या मृणालीला ठाऊक.

कोलाडजवळ एका चावट विनोदी सिनेमाचं शूटिंग होतं. भाग दुसरा. पहिलाच कुणी धड पाहिला नव्हता, दुसऱ्याची हौस कुणाला होती देव जाणे. नदीत आंघोळ करणाऱ्या बायकांचा सीन होता.

"फक्त पाठ दिसंल ताय, तोंड नाय दाखवणार. बाबांना सांगू नको," भूमिका फोनवर म्हणाली होती.

पोर खाडीकाठची. भरतीचं पाणी हळूहळू चढतं, ते तिला कळायचं. त्या नदीला मात्र वरून धरणाचं पाणी सोडतात, ते एकदम येतं. पाण्याचा आवाज झाला तशा तिथल्या बायका पळाल्या. हिला वाटलं, अजून वेळ आहे.

वाहत खाली रोह्याजवळ सापडली, तेव्हा कानातल्या कुडीवरून ओळखली. चेहरा राहिला नव्हता. बाबांना तो कुणी पाहूच दिला नाही.

सिनेमा कुठे लागलाच नाही. एडिटिंग करणारा अर्ध्यावर सोडून गेला. म्हणे, नदीचा सीन रोज वेगळा दिसतो. लोक म्हणाले, पीत असेल.

त्याच सीनची क्लिप आता निकेशच्या मोबाइलवर आली होती. मृणालीने ती लावली. बायका खिदळत होत्या. कडेला एक पाठमोरी. ओला अंबाडा, उघडी पाठ.

तोंड दिसत नव्हतं. मृणालीला रडू आलं, तरी जीव भांड्यात पडला. निदान बाबांना कळणार नाही.

खात्रीसाठी तिने परत लावली.

आता... कान दिसत होता. कानात कुडी.

"निकेश, मघाशी कान दिसला व्हता?"

"नाय." त्याचं तोंड उतरलं.

तिसऱ्यांदा खिदळणं नव्हतं. बायकाही नव्हत्या. नुसतं पाणी वाजत होतं... लांबून, जवळ येत.

आणि मान अजून वळली होती. गालाची कड दिसत होती.

"काढून टाक ती," मृणाली कशीबशी म्हणाली.

"माझी काढीन गो. पन गावभर गेलीय. कुनाकुनाची काढू?"

मृणाली घराकडे धावली.

बाबा ओटीवर बसले होते. डोळ्यांशी मोबाइल धरून. पायाशी पाणी सांडलेलं... तांब्या तर कुठेच नव्हता.

"कोनी पाठवलंय बघ गो," ते म्हणाले. "आपल्या भूमिकेसारखी वाटते. तोंड नीट नाय दिसत. थांब, परत लावतो."

मृणालीला त्यांचा हात धरायचा होता. तिचा हात उचलेना.

पाण्याचा आवाज सुरू झाला...

मृणालीने आखणी सोडलीय. मूर्तीचे डोळे तिला काढवत नाहीत. बाबांनी पोरीला ओळखलं, पण ती तिथे कशी, ते एका शब्दाने विचारलं नाही. क्लिप मात्र रोज लावतात. मोबाइल लपवला तर जेवत नाहीत. म्हणतात, पोरीचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं होतं.

रोज ओटी पुसावी लागते. मृणालीच पुसते.

परवा हनुवटी दिसली. काल ओठ.

"आता डोळंच राहिलेत गो," बाबा म्हणाले.