मागनं धरलेली फटफटी

सदू, तू माजा भाचा हायेस. पळसदरीवरनं फटफटी बैलगाडीत घालून मामाला दावायला आनलीस, बरं वाटलं. वालाच्या शेंगांचं मडकं आगीवर चढवलंय, पोटभर खा. पन आता बोल्लास तसं परत बोलू नको. "मामा, उद्या जरा मागनं धरून पळा, सुटलं की पडतोय मी." परत बोल्लास तर ह्याच जळत्या लाकडानं हानीन. मी कुनाच्या फटफटीला मागनं हात लावनार नाय.

ए विठू, दोस्ताबरोबर आलायस ना? मंग दात काडू नको. का म्हंजे? बसा. मडकं व्हईस्तोवर सांगतो. मानसं खरी, जागा खरी. माज्या डोळ्यानं बघितलंय.

तीन वर्सं झाली. शेचाळीस साल. लडाई संपली नि मिलिटरीच्या फटफट्या लिलावात निघाल्या. आमचा आबाजी पाटील, गावचा पोलिसपाटील. त्याचा पोरगा मालोजी एक घेऊन आला. घेतली खरी, पन चालवायची कुनाला ठावं? ट्रकवाल्यानं उतरवताना दावलं, हा गॅस, ही गेर, हा पायातला बिरेक, नि तो गेला.

मंग शिकवनी सुरू. मालोजी वर बसनार, नि त्यांचा गडी पोशा मागचं कॅरेज धरून पळनार. कशेळ्याच्या रस्त्यावर, सकाळ-सांज.

"धरलंस का रं?"

"धरलंय, मालक."

"सोडू नको!"

"नाय सोडत, मालक."

आठ दिस हेच. पोशा म्हंजे कसा? माज्या बरोबरीचा, काडीसारखा, पन दम लई. तरी मानूस किती पळनार? एक दिस धाप लागली नि हात सुटला. मालोजी गेला तो थेट वालाच्या शेतात, तोंडावर. बाया शेंगा तोडत व्हत्या. हासल्या. त्यात पोशाची बायको जनी बी व्हती. ती बी हासली.

मालोजी उठला. तोंडातली माती थुकला. 

दुसऱ्या दिशी सकाळी मी गाडी घेऊन तिथनंच चाल्लो व्हतो. बघतो तर मालोजी पोशाचा उजवा हात कॅरेजला बांधतोय. बैलाच्या दाव्यानं. पोशाला मस्करी वाटली. हासून बोल्ला, "मालक, मी काय बैल हाय व्हय?"

"आता सोडून दाव," मालोजी बोल्ला.

फटफटी सुरू झाली. पोशा पळाला. मंग लई पळाला. मंग पाय उचलंनात...

मालोजीला थांबता येत नव्हतं असं कुनी बोल्लं तर त्याच्या कानाखाली देईन मी. येत व्हतं. मी बघितलंय. त्यानं एकदा मागं वळून बघितलं. नीट बघितलं. नि गॅस वाढवला.

तिसऱ्या दिशी पोशा गेला. पाठीला कातडं नव्हतं ऱ्हायलं. पाटलानं कागद केला, ताडावरनं पडून मेला म्हून. साक्षीला चौघांचं अंगठं घेतलं. त्यात एक माजा.

आता काय तोंडाकडं बघतोस, विठू? भ्यालो मी. त्याचीच जमीन कसत व्हतो. जनी आली व्हती माज्या दारात. बोल्ली, "कान्हाभावजी, तुमी त्या वाटंला व्हता. तुमी बघितलं?"

मी बोल्लो, "नाय."

झालं. पंधरा-वीस दिस गेलं. मालोजी आता एकटा चालवायला लागला. कर्जतला काय जातोय, बाजारात काय फिरतोय.

पौषातली संकष्टी व्हती. मी भात भरडायला दहिवलीच्या गिरनीवर गेल्तो. तांदूळ गाडीत भरला, निघालो तवा गिरनीच्या घड्याळात साडेसात. बैल वाटंनं आपलं आपलं चाल्लं व्हतं. चंद्र निघायला अजून येळ व्हता. थंडी अशी की मी गोनपाट गुंडाळून बसलो व्हतो.

तासभर झाला असंल. मागनं उजेड आला.

फटफटीचा आवाज. म्हनलं, मालोजी कर्जतवरनं घरी चाल्लाय. गाडी कडंला घेतली. पन उजेड पुडं येईच ना. आवाज तर असा की गॅस पुरा पिळलाय. फटफटी नुसती बोंबलतेय. नि चालतेय किती? मानसाच्या चालीनं.

माज्या बरोबरीला आली. मालोजी घामानं भिजलेला. त्या थंडीत.

"कान्हा," बोल्ला, "मागं बघ. मागं कोन हाय?"

बघितलं. कोनी नाय.

"कोनी नाय, मालक."

"नीट बघ रं!"

खाली बघितलं. कंदील धरला. कॅरेजच्या मागं रस्त्यावर धुरळा उडत व्हता. एकदा डावीकडं... एकदा उजवीकडं... पाय पडल्यावानी. थप. थप. थप.

बैल थांबलं. फटफटी बी थांबली. आवाज चालूच, चाकं गप.

"उतरा, मालक!"

"हात सुटत नाय... कान्हा, हात सुटत नाय रं..."

मी गाडीवरनं उडी मारली. त्याचं मनगट धरलं, वढलं. हँडलला बोटं अशी चिकटलेली की जनू लोखंडातनंच फुटलीत. मालोजी रडाय लागला. नि मंग सवयीनं म्हना, भ्यानं म्हना, त्याच्या तोंडातनं निघालं,

"कोन... कोन धरलंय?"

"धरलंय, मालक."

आवाज पोशाचा. अगदी तसाच. धाप लागलेला.

मी मनगट सोडलं नाय. तरी बोल्लो. देवाशप्पत बोल्लो.

"पोशा... सोड रं त्याला."

मंग माज्या कानाशी... गार...

"तू तर बघितलंच नव्हतं ना, कान्हा?"

मी हात काडला. मनगटावरचा माजा हात मी काडला.

फटफटी सुटली. रस्ता सोडून शेतात. उजेड बांधावरनं उडाला, खाली गेला, परत वर. मालोजी वरडत व्हता. मंग उजेड गेला. मंग आवाज...

मंग कायच नाय.

मी गाडीतच बसून ऱ्हायलो. चंद्र निघाला तरी तिथंच. सकाळी मानसं घेऊन शेतात गेलो.

वालाच्या शेतात मदीच फटफटी हुबी. इस्टँड लावलेलं नाय. टेका कशाचा नाय. नुसत्या दोन चाकांवर, सरळ. नि मालोजी वर नव्हता. मागं व्हता. पालथा. उजवा हात कॅरेजला घट्ट. दोरी नाय, काय नाय, नुसती मूठ. पाठीला कातडं नाय. पन जीव व्हता. श्वास चालला व्हता.

हात सोडवाय गेलो, सुटंना. फटफटी आडवी करून बघू म्हनलं. सात मानसं लागली एका बाजूनं. हालली नाय रं. कोनीतरी पलीकडनं धरल्यावानी.

आबाजी पाटलाला कळलं काय ते. पागोटं न घालता पळत गेला जनीच्या झोपडीकडं. तिला घेऊन आला. सगळ्या गावासमोर तिच्या पाया पडला.

"जनी, माज्या पोराला वाचीव. सांग त्याला सोडायला."

जनी फटफटीकडं बघत बोल्ली, "कुनाला सांगू, पाटील?"

"तुज्या नवऱ्याला."

"माजा नवरा ताडावरनं पडून मेला. तुमीच लिवलंय. तो हितं कशाला येईल?"

पाटील उठून हुबा ऱ्हायला.

"लिवलंय ते खोटं असंल तर बोला. चार मानसांत बोला. मंग सांगते त्याला."

पाटलानं पोराकडं बघितलं. लोकांकडं बघितलं. तोंड उघडलं... मिटलं. पोलिसपाटील मानूस. खोटा कागद केला म्हनला तर पट्टा जानार, तुरुंग. दिस कासराभर वर आला. आमी सगळी हुबी. मालोजीचा श्वास ऐकू येत व्हता. एक... मंग दुसरा... मंग लई येळानं तिसरा...

मंग चौथा आलाच नाय.

तवा मी बोल्लो. आता बोलून काय उपेग, पन बोल्लो. वरडून बोल्लो. "मी बघितलंय! दाव्यानं बांधला व्हता! मागं वळून बघितलं नि गॅस वाढवला! अंगठा मारला तो मी!"

जनीनं माज्याकडं बघितलं.

"आज दिसलं व्हय, भावजी?"

एवढंच. वळली नि गेली. "सोडा" काय बोल्ली नाय. परत कदी त्या शेतात आली नाय. मुलखातच ऱ्हायली नाय.

मालोजीची मूठ मेल्यावर बी उघडली नाय. शेवटी लोहारानं कॅरेजची पट्टी कापली. पट्टीसकट जाळला.

नि फटफटी? तिथंच हाय. दोन बैल लावून वढली, दोर तुटलं. तीन पावसाळं झालं. शेतात गुडघाभर पानी व्हतं, चिखल व्हता, चाकं रुतली, गंज चढला. पन कलली नाय. एक बोट नाय. नांगर तिला वळसा घालून जातो.

तिच्या मागं जमिनीत दोन पाय उमटलेत. उघडे. टाचा वर, बोटं मातीत रुतवून, जोर लावून हुब्या ऱ्हायलेल्या मानसाचे. आबाजीनं स्वताच्या हातानं किती येळा बुजवलं. मी बी बुजवलं.

काल सकाळी गेल्तो तिकडं. दव पडलेलं व्हतं सगळीकडं. त्या दोन पावलांतली माती तेवढी कोरडी... नि हात लावला तर ऊन.