चौथं ताट

हे घडलेलं आहे. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही. माझं वय आता चौऱ्याऐंशी आहे. या वयात कुणाला घाबरवून मला काय मिळणार?

साल १९६४. जानेवारी महिना, गुरुवार.

असल्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं लोक धरून चालतात. ही रात्रीची नाही...

भर दुपारची आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यातली, मोताळ्याची. तेव्हा बावीस वर्षांची होते. आमच्या बौद्ध वस्तीतून नर्स होऊन सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. त्या हिवाळ्यात देवीची लस टोचण्याचं काम जोरात होतं. कोकणात माणसं कमी पडली, म्हणून आमच्याकडून तिघांना चार महिन्यांसाठी तिकडे पाठवलं. मी, आमच्या मोठ्या नर्स आशाबाई, आणि लशीची पेटी वाहणारा शिपाई दयाराम.

दयाराम रोहिणखेडचा. अठ्ठावीस-तीसचा, हसरा, सदा बडबड करणारा. त्याची बायको शालू गरोदर होती. पहिलीच वेळ. निघताना तो तिला म्हणाला होता, "लेकरू झालं का चिठ्ठी टाकजो. मी उडत येतो."

आम्ही तिघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी दयारामने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"बाई, एवढं पाणी देलं देवानं, अन् सारं नासवून ठेवलं!"

"तुह्यासाठी साखर टाकतील आता त्यात," आशाबाई म्हणाल्या. "पेटी उचल."

गाव खाडीच्या तोंडाशी होतं. तरीच्या होडीशिवाय तिथे जायला दुसरी वाट नव्हती. आम्ही येसूआजी नावाच्या म्हाताऱ्या विधवेच्या घरात पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायचो. सकाळी सातला घरोघर फिरून लस टोचायची. बारापर्यंत काम संपायचं. मग दिवस मोकळा.

आम्ही फिरायचो. टेकडीवर पडका किल्ला होता. तटावर चढलं की तिन्ही बाजूंना पाणी दिसायचं. तांबड्या वाटा, काजूची झाडं, लहानसं देऊळ, त्यात कुणी नाही. तेव्हा तिकडे फिरायला कुणीच येत नसे. एवढी देखणी जागा कुणाला ठाऊक कशी नाही, याचं मला नवल वाटायचं.

आता वाटत नाही.

किल्ल्याच्या मागे एक छोटा किनारा होता. पांढरी वाळू, वर केवड्याचं बन. तिथे होड्या नसायच्या. जाळी वाळत घातलेली नसायची. वाळूवर पाऊल उमटलेलं नसायचं. गावातल्या लोकांना समुद्राची सवय झालीय, म्हणून येत नसतील, असं आम्हाला वाटलं.

त्या गुरुवारी आम्ही भाकरी बांधून तिथे गेलो.

दयारामने घरून ज्वारीचं पीठ आणलं होतं. तो स्वतःच भाकरी थापायचा. ठेचा होता, कांदा होता. केवड्याच्या सावलीत फडकं सोडलं. पहिला घास मोडला...

आणि पाण्याच्या कडेने एक माणूस जाताना दिसला.

गुडघ्यापर्यंत धोतर. उघडं अंग. हळूहळू चालत होता. आमच्याकडे बघत नव्हता.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. वावरात भाकरी सोडली, की बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायचीच. ओळख असो, नसो. तो "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो आणि पुढे जातो. बसत कुणी नाही. पण हाक मारली नाही तर माणूस हलका ठरतो.

दयारामने हात वर केला.

"या हो पाहुणं! या जेवाले!"

माणूस थांबला.

"होऊ द्या" म्हणाला नाही.

वळला आणि सरळ आमच्याकडे आला. दयारामच्या उजव्या अंगाला बसला.

दयाराम जरा गडबडला. पण लगेच सरकला, एक पान पुसलं आणि आपली अर्धी भाकरी त्यावर ठेवली. वर ठेचा.

"घ्या. लाजू नका."

"कोणतं गाव, दादा?" आशाबाईंनी विचारलं.

तो पानाकडे बघत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं...

लाटा दिसत होत्या. येत होत्या, फुटत होत्या. पण आवाज येत नव्हता. वाळूत इतका वेळ तुरुतुरु पळणारे खेकडे, एकही दिसत नव्हता.

मी घास मोडायला खाली पाहिलं. वर पाहिलं तर तो नव्हता.

पानावर भाकरी तशीच होती. तो बसला होता तिथली वाळू ओली झाली होती. आम्ही पाण्यापासून चांगली शंभर पावलं वर होतो.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते. पाय खूप वेळ दुमडून बसल्यावर जसा बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं. आम्ही फडकं गुंडाळलं आणि घरी आलो. 

वाटेत दयाराम एकदा म्हणाला, "जेवलो, पण पोटात काही गेल्यावानी नाही वाटत बाई."

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. दयारामने ताटं मांडली.

चार.

"दयारामभाऊ, हे कोणाचं?"

"पाहुण्याचं," तो म्हणाला. जणू मी वेड्यासारखं विचारलं होतं.

मग तो डावीकडे सरकला. उजवीकडे जागा केली.

आशाबाई चिडल्या. "डोस्कं फिरलं काय रे तुहं? उचल ते!"

दयारामने उचललं नाही. आम्ही जेवायला लागलो. तिघं जेवत होतो...

चावण्याचा आवाज चौघांचा येत होता.

आशाबाईंनी ताट सारलं आणि बाहेर गेल्या. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कधी जेवल्या नाहीत. मी जेवत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही.

चौथ्या ताटातलं अन्न कधी हलायचं नाही. पण दयाराम दोन-दोन भाकरी खाऊनही उपाशी उठायचा. महिन्याभरात त्याची गालफडं बसली. बडबड थांबली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. काही निघालं नाही.

फेब्रुवारीत चिठ्ठी आली. मुलगी झाली होती. दयारामने चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"कला नाव ठेवू," तो म्हणाला. मग हळूच उजवीकडे वळून म्हणाला, "पोरगी झाली आमाले."

येसूआजी दुपारी कधी आमच्या खोलीत पाऊल टाकत नसे. एकदा तिने मला विहिरीवर गाठलं.

"जेवताना थंय कोणाक हाक मारलात काय गो?"

मी सगळं सांगितलं. तिने पोहऱ्याचा दोर कठड्याला बांधला. मग म्हणाली, "ज्येनी बोलावल्यान, त्येनीच त्येका उठ म्हणान सांगूक व्हया. दुसऱ्याचा तो आयकाचो नाय."

एवढंच. ज्याने बोलावलं त्यानेच उठ म्हणायचं.

मी दयारामला सांगितलं. त्याने पिठाचे हात झटकले.

"बाई, जेवत्या माणसाले ताटावरून उठ म्हणू? माह्या बापानं नाही म्हटलं कधी कोणाले. चोर जरी असला तरी नाही."

"तुम्ही मरून जाल, भाऊ."

"एवढं काय खाते तो," दयाराम म्हणाला. "घासभर."

मार्च संपला, मुदत संपली. आम्ही निघालो. होडी, एसटी, पुन्हा एसटी, मग रेल्वे. मला वाटलं, पाणी मागे राहिलं, आता सुटेल.

रेल्वेच्या डब्यात खच्चून गर्दी होती. लोक दारात लोंबकळत होते. दयारामच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी होती. मलकापूर येईपर्यंत तिथे कुणी बसलं नाही. एक बाई लेकरू घेऊन बसायला आली, वाकली... आणि न बसताच पुढे गेली.

मलकापूरला उतरल्यावर आशाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी आता याच्या घरी पाय नाही ठेवणार. तूही नको जाऊ."

मी बारा दिवस गेले नाही. मग शालूचा निरोप आला. पोरीची तब्येत बघायला या.

एप्रिलचं ऊन होतं. रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या बाजूने वर गेलं की दयारामचं घर. दोन खोल्या, शेणाने सारवलेल्या. शालू दारातच बसली होती. मांडीवर कला.

दोन महिन्यांचं लेकरू. हातात घेतलं तर काहीच हाती लागलं नाही. त्वचा सैल. डोळे मोठे. रडत नव्हती. रडायला पाहिजे होती.

"दूध येते बाई," शालू म्हणाली. "भरपूर येते. पेतेही. पण तिच्या अंगी लागत नाही. कोणी दुसरंच पेऊन जाते जसं."

मी कलाला तिच्या मांडीवर परत ठेवलं.

"अन् हे पाहा." तिने आत बोट दाखवलं. चुलीपाशी, दयाराम जेवायला बसायचा त्याच्या उजवीकडे, जमिनीवर पांढरा गोल होता. "रोज सारवतो मी. रोज दुपारून ओलं होते, अन् सुकलं का पांढरं."

मी बोट लावून जिभेला लावलं.

मीठ होतं.

दयाराम परसातून आला. मला पाहून हसला. दात तेवढे राहिले होते.

"या बाई. टायमावर आल्या. जेवाले बसा."

शालूने ताटं वाढली. मी मोजली नाहीत. दयाराम सरकून बसला. पहिला घास घेतला...

शालूच्या मांडीवर कलाचे ओठ हलायला लागले. छातीशी नव्हती ती. रिकामं चोखत होती.

आणि चावण्याचा आवाज आला.

शालूने माझ्याकडे पाहिलं. तिलाही येत होता. रोज येत असणार.

मी म्हणाले, "दयारामभाऊ, तुमचा घास त्याने खाल्ला, मी काही बोलले नाही. आता तो पोरीचा खातोय. आठ दिवस काढणार नाही ती. मी नर्स आहे, मला कळतं."

दयारामचा घास हातातच राहिला.

"काय म्हणून राह्यल्या ह्या?" शालूने विचारलं. "कोण खाते? सांगा ना हो!"

दयारामने कलाकडे पाहिलं.  मग हातातला घास ताटात ठेवला. उजवीकडे वळला. आवाज अगदी हळू होता. एखाद्या मोठ्या माणसाची माफी मागावी तसा.

"पाहुणं... लय दिस झाले. आता उठा."

चावण्याचा आवाज थांबला.

बाहेर कावळा ओरडत होता, तोही थांबला. काहीच ऐकू येत नव्हतं. चुलीतल्या लाकडाचंसुद्धा.

मग कला रडली. जोरात, छाती फाडून. शालूने तिला पदराखाली घेतलं आणि ती पोर अशी प्यायला लागली की शालूच्या डोळ्यांतून पाणी आलं.

झालं, असं मला वाटलं.

दयाराम उठला. हात धुतला. खुंटीवरची टोपी घातली. चपला पायात सरकवल्या.

"कुठी चालले?" शालू म्हणाली.

"असं कसं सोडू माणसाले?" दयाराम म्हणाला. "भरल्या ताटावरून उठवलं मी त्याले. वेशीपर्यंत तरी पोचवून येतो."

तो दारात बाजूला झाला. कुणाला तरी आधी बाहेर जाऊ दिलं. मग स्वतः बाहेर पडला.

मी दारातून पाहिलं. ऊन इतकं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. दयाराम एका कडेने चालला होता. रस्त्याची दुसरी बाजू सोडून. मधेच हातवारे करत होता. बोलत होता. पूर्वीसारखा.

मशिदीपाशी वळला आणि दिसेनासा झाला.

तो परत आला नाही.

गावाने विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. पोलिसांत कळवलं. कडूबा नावाच्या गुराख्याने त्याला मलकापूरच्या रस्त्यावर पाहिलं होतं, गावापासून तीन कोसांवर. "एकटाच बोलत चालला होता," कडूबा म्हणाला. "मी म्हटलं, काऊन बे दयाराम, कोणासंगं बोलून राह्यला? तर मले म्हणे, थांब, पाहुणं आहेत संगं."

त्यानंतर कुणालाही दिसला नाही.

घरातली जमीन पुन्हा कधी ओली झाली नाही. कला महिन्याभरात भरली.

मी येसूआजीला पत्र लिहिलं. जूनमध्ये उत्तर आलं, तिथल्या मास्तरांच्या अक्षरात. चारच ओळी होत्या. त्यातली एक अशी:

"आजी म्हणतात, उठवल्यावर त्याच्यासोबत एक पाऊलही जाऊ नये, हे सांगायचं राहिलं. आमच्याकडे कुणी जात नाही, म्हणून त्यांना सुचलं नाही."

ते पत्र मी शालूला दाखवलं नाही. ती एकतीस वर्षं वाट पाहून गेली. कला आता बासष्ट वर्षांची आहे. नातवंडं आहेत तिला. ती मला मावशी म्हणते. मागच्या महिन्यात येऊन तिने विचारलं, "मावशी, तू तिथंच होती ना त्या दिवशी? कोणी अडवलं काऊन नाही माह्या बाले?"

मी म्हणाले, "मला आता आठवत नाही गं."

आठवतं मला.

मी कधी रडले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. त्या किनाऱ्यावर अंग जे बधिर झालं ते तसंच राहिलं. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बाहेर पडण्याआधी दयाराम उंबऱ्यावर थांबला होता. शालू पोरीला पाजत होती, तिचं लक्ष नव्हतं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा घाबरलेला होता. जाऊ का, असं विचारत होता तो. मी नको म्हटलं असतं, तर थांबला असता.

पण पाहुण्याला पोचवायला जातात. मीही त्याच मातीतली. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

मी मान हलवली.

हो म्हणून.